खाली वाट बघणारी माणसं

आमच्या घरात मी काळजी करायची आणि हिनं कामं करायची, अशी वाटणी लग्नापासून आहे. गॅसचा वास येतो का, हे मी पुन्हा पुन्हा बघतो. सिलिंडर ती बदलते. स्कूटर ती चालवते, आणि मी मागे बसून समोरची बस थांबली आहे हे तिला सांगतो. ती म्हणते, "दिसतंय मला." इतक्या वर्षांत तिला न दिसलेली एकही बस मी तिला दाखवू शकलेलो नाही, तरी सांगणं सोडलेलं नाही. भित्रेपणा हा माझा स्वभाव आहे आणि तो मी लपवत नाही. लपवायला गेलो तर तो नीट लपला आहे ना, याची आणखी एक काळजी लागेल.

हिनं बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मी मनातल्या मनात खूश झालो होतो. आता ही घरी असेल, रहदारीत कमी जाईल, म्हणजे माझी निम्मी काळजी मिटली असं मला वाटलं. निवृत्त बायका योगाच्या वर्गाला जातात, भजनी मंडळात जातात, युरोप बघून येतात. या तिन्हींसाठी माझी तयारी होती. हिनं एका संध्याकाळी गवार मोडता मोडता सांगितलं, "मी विमान चालवायला शिकणार आहे."

मला चेष्टा वाटली. आम्ही विश्रांतवाडीला राहतो. लोहगावला उतरणारी मोठी विमानं आमच्या गच्चीवरून जातात. त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांनाच बोलता बोलता मध्येच थांबायची सवय आहे. विमान जाऊ द्यायचं आणि राहिलेलं वाक्य पुढे सुरू करायचं. मी या विमानांना वैतागलेलो होतो. ही कपडे वाळत घालताना त्यांच्याकडे बघत असे, हे मला माहीत होतं. पण बघता बघता तिच्या डोक्यात काय शिजतंय, याची मला कल्पना नव्हती. एरवी मी सगळ्या शक्यतांचा विचार करून ठेवतो. हीच एक राहिली.

तिची वैद्यकीय तपासणी झाली आणि डॉक्टरांनी तिला पास केलं. माझी केली असती तर मला त्याच दिवशी दाखल करून घेतलं असतं. शहराच्या कडेला एक लहानशी धावपट्टी आहे, तिथं ती शिकायला जाऊ लागली. दोन माणसांचं विमान. मी पहिल्यांदा जवळून बघितलं तेव्हा दोघा जणांनी ते हातांनी ढकलत शेडमधून बाहेर आणलं, आणि मला घाम फुटला. जी वस्तू दोन माणसं सहज ढकलू शकतात, ती वारा किती सहज ढकलेल, हा विचार तिथंच माझ्या डोक्यात शिरला आणि पुढे कधी बाहेर पडला नाही.

ती जाई तेव्हा मीही बरोबर जात असे. घरी बसून काळजी करण्यापेक्षा जागेवर बसून केलेली बरी. शेडच्या सावलीत खुर्ची टाकून मी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं समोर धरायचो. ते कधीही सुटलं नाही.

रात्री जेवताना ती दिवसभरात शिकलेलं सांगे. मला विमानातलं अजून काही कळत नाही, पण वाऱ्याविषयी मी आता कोणाशीही वाद घालू शकतो. जोराचा वारा वाईट नसतो, ती सांगायची. तो सलग वाहत असला की कुठून येतोय, किती येतोय हे कळतं, आणि तसं विमान धरता येतं. वाईट तो झोताचा वारा. आत्ता आहे, आत्ता नाही. "आपण कठड्याला टेकून उभं असावं आणि कोणीतरी कठडाच काढून घ्यावा, तसं होतं," ती म्हणाली आणि कोशिंबीर वाढून घेतली. मी विचारलं, "मग काय करतात?" ती म्हणाली, "उतरायचं नाही. इंजिनाचा जोर वाढवायचा, परत वर जायचं, वर फिरत राहायचं. वारा पडला की मग उतरायचं. त्यात काही लाज नाही." हा नियम मला फार आवडला. जगात सगळीकडे असा नियम असायला हवा, असं मी तिला सांगितलंही.

आता माझ्या ताईविषयी सांगायला हवं. ताई माझ्याहून बरीच मोठी, कात्रजला राहते. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, पण ही गोष्ट तिला अजून कोणी कळवलेली नाही. हिच्या विमान शिकण्याला तिचा सुरुवातीला कडवा विरोध होता. "या वयात माणसानं गुडघे सांभाळावेत," असं ती फोनवर मला म्हणाली, म्हणजे हिला ऐकू जाईल अशा आवाजात. पण हिला परवाना मिळाला आणि ताईनं एका दिवसात बाजू बदलली. आमच्या घराण्यात आजवर कोणी विमान चालवलं नव्हतं, आता चालवलंय तर तिला ओवाळायला नको का, असा तिचा प्रश्न. नको म्हणण्याची सोय त्या प्रश्नात नव्हती.

ताईच्या ओवाळण्याची एक रीत आहे. ज्या माणसाला ओवाळायचं ते सुखरूप समोर येईपर्यंत ती पोटात अन्नाचा कण घेत नाही. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मला शुद्ध येईपर्यंत ती उपाशी बसली होती. आमचा मुलगा परदेशी गेला तेव्हा त्याचा पोचल्याचा फोन येईपर्यंत तिनं चहाही घेतला नाही. हे कोणी तिला सांगितलेलं नाही, कुठल्या पोथीत नाही. तिची माया अशीच आहे, उपाशी राहून मोजायची. आम्हाला सगळ्यांना त्याचा त्रास होतो आणि आतून बरंही वाटतं.

तो शनिवार एप्रिलमधला होता. ही विमान घेऊन एकटी अर्धा तास शहरावरून फिरून येणार, आम्ही खाली उभं राहून बघणार, आणि उतरल्यावर ताई ओवाळणार, असं ठरलं होतं. ताई काठापदराची लाल साडी नेसून भाचीच्या गाडीतून आली. भाची म्हणजे ताईची मुलगी, हिंजवडीला नोकरी करते. गाडीच्या मागच्या सीटवर तबक, निरांजन, कुंकवाचा करंडा, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी आणि पेढ्यांचा पुडा, असं सगळं नीट मांडलेलं होतं.

उड्डाण सकाळी लवकर व्हायचं होतं. तेव्हा वारा नव्हता. धावपट्टीच्या कडेला वाऱ्याची दिशा दाखवणारा एक केशरी कापडी मोजा खांबाला बांधलेला असतो, तो नुसता लोंबत होता. पण विमान आधी दुसऱ्या कोणाकडे होतं, मग त्याच्या एका चाकात हवा भरायची निघाली, आणि बघता बघता दहा वाजून गेले. ऊन चढलं. मोजा हलायला लागला. मी त्याच्याकडे बघत होतो. ताई गाडीला टेकून उभी होती आणि भाची तिच्याशी हुज्जत घालत होती.

"आई, प्लीज, काहीतरी खा ना. तू शुगरची गोळी घेतलीयेस सकाळी."

"गोळी घेतली म्हणजे खायलाच हवं असं नाही."

"अगं, असंच असतं! मामा, तुम्ही सांगा ना हिला."

मी सांगितलं. माझं ऐकायची ताईला सवय नाही. मग ही पुढे झाली, डोक्यावर टोपी, हातात हेडफोन. "वन्सं, खाऊन घ्या. मी काय, अर्ध्या तासात येतेच."

"मग मीही अर्ध्या तासानं खाईन," ताई म्हणाली. "तू ये सावकाश."

हिनं ताईच्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघितलं. मग ती विमानाकडे गेली.

तिचे प्रशिक्षक तरुण होते, आमच्या मुलाच्या वयाचे. त्यांना मी विचारलं, वारा जास्त नाही ना? त्यांनी मोज्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चालण्यासारखा आहे काका. टेन्शन घेऊ नका. मॅडमचा हात चांगला आहे." या वाक्यानं आजवर माझं टेन्शन कधी गेलेलं नाही, त्या दिवशीही गेलं नाही. विमान धावलं, उचललं गेलं आणि हडपसरच्या इमारतींच्या वरून वळून लहान झालं.

ती दिसेनाशी झाली आणि मग वारा खरा सुटला. आधी मैदानाच्या टोकाला धुळीची एक वावटळ उठली. मग शेडचा पत्रा वाजला. मोजा एकदम फुगून आडवा झाला, लगेच पडला, पुन्हा फुगला. मी मनात म्हटलं, हा तोच. आत्ता आहे, आत्ता नाही.

ताईला त्या वाऱ्याचा राग आला होता, पण वेगळ्याच कारणासाठी. निरांजन लागत नव्हतं. एक काडी विझली, दुसरी विझली. भाचीनं ओढणीचा आडोसा केला, तर ओढणीच पेटायची वेळ आली. मग गाडीचं दार उघडून त्याच्या आत वाकून ताईनं वात पेटवली, तळव्याच्या आडून तबक बाहेर आणलं आणि ज्योत गेली. "काय मेला वारा आहे!" ती म्हणाली, वर्गात मागच्या बाकावर कोणी गोंगाट करावा तशा सुरात. भाची हसत होती. अक्षता उडून गाडीच्या टपावर पडल्या. मी एकटा तिथं उभा राहून हाच वारा वर काय करत असेल याचा विचार करत होतो, आणि तो विचार मला मोठ्यानं बोलता येत नव्हता. बोललो असतो तर ताईनं उपासात आणखी एक दिवस वाढवला असता.

विमान परत दिसलं. ते समोरून धावपट्टीकडे खाली येत होतं, पण सरळ येत नव्हतं. नाक एकीकडे, जाणं दुसरीकडे. एक पंख खाली गेला, सावरला, मग दुसरा गेला. जमिनीपासून घराएवढ्या उंचीवर ते जरा थबकल्यासारखं झालं आणि एकदम खचलं. इंजिनाचा आवाज वाढला. विमान आमच्या समोरून, धावपट्टीला न टेकता, तसंच वर निघून गेलं.

ताईनं आणि भाचीनं टाळ्या वाजवल्या. "सलामी दिली वाटतं तिनं," ताई म्हणाली, आणि तबक उंच धरून हलवलं.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. सलामी नव्हती ती. वारा तिला उतरू देत नव्हता, आणि तिथं जमलेल्या आमच्या माणसांत हे फक्त मला कळलं होतं. मी प्रशिक्षकांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांच्या हातात बिनतारी संच होता. ते शांत आवाजात बोलत होते.

"मॅडम, छान केलंत. आता वरच फिरत राहा. पेट्रोल भरपूर आहे. वारा पडेल, मग मी सांगतो."

खरखर झाली आणि हिचा आवाज आला, घरात फोनवर बोलते तितकाच साधा. "ठीक आहे सर. थांबते."

प्रशिक्षक मला म्हणाले, "दोन तास फिरू शकतील काका. वर थांबणं सगळ्यात सोपं. काही धोका नाही." मला त्यांचा हात धरावासा वाटला. ती वर होती, वर सुरक्षित होती, आणि थांबते म्हणाली होती. ती थांबते म्हणाली की थांबते. मी वर बघत राहिलो. विमान मैदानाभोवती मोठी फेरी घेत होतं, आणि प्रत्येक फेरीत आमच्या डोक्यावरून जात होतं.

तेवढ्यात भाचीची हाक आली. "मामा!"

ताई गाडीला टेकल्या टेकल्याच खाली घसरली होती. शुद्धीवर होती, पण चेहरा पांढरा पडला होता आणि कपाळावर घाम होता. भाचीनं तिला जमिनीवरच बसवलं. शेडमधले दोघे तिघे धावत आले, कोणी पाणी आणलं, कोणी वर्तमानपत्रानं वारा घालायला लागलं, एवढ्या वाऱ्यात. मी पेढ्यांचा पुडा फोडला.

"ताई, हा पेढा तोंडात टाक."

"ओवाळल्यावर."

"ताई, मी सांगतो म्हणून टाक!"

"ओरडू नकोस. लोक बघतायत." तिनं तोंड मिटून घेतलं. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, हे मी खरं सांगतो. वर ती आणि खाली ताई. मी एकदा आकाशाकडे बघायचो, एकदा ताईच्या ओठांकडे. दोन्हीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

विमान पुन्हा डोक्यावरून गेलं. या खेपेला जरा खालून गेलं असं मला वाटलं.

मग प्रशिक्षकांचा आवाज चढलेला ऐकू आला. "मॅडम, मी अजून सांगितलेलं नाही. वारा आहे तसाच आहे. वर जा." मी वळून बघितलं. विमान वळून धावपट्टीच्या रेषेत आलं होतं आणि खाली येत होतं.

संचातून आवाज आला, "मी उतरतेय सर."

"ही का येतेय?" प्रशिक्षक मला विचारत होते, जसं काही मला माहीत असणार. मोजा पूर्ण आडवा होता. मी मोठ्यानं म्हणालो, थांब, थांब, स्कूटरच्या मागे बसून म्हणतो तसाच, आणि तिला ते ऐकू जाण्याचा काही प्रश्न नव्हता.

ती चांगली आली. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढे लोकांनी वाट्टेल ते सांगितलं. ती फार चांगली आली. वाऱ्याच्या बाजूचा पंख किंचित खाली धरून ती एका चाकावर टेकली, मग दुसरं चाक टेकलं, आणि मला वाटलं, झालं, उतरली. त्याच क्षणी झोत आला. मला तो आधी गालावर लागला आणि मग दिसला. विमानाचा एक पंख उचलला गेला, जणू कोणी खालून हात घालून उचलला. दुसरा पंख जमिनीला घासला. विमान गर्रकन वळलं, धावपट्टी सोडून गवतात घुसलं, नाकाचं चाक मोडलं, शेपटी वर गेली आणि ते तसंच, नाक मातीत खुपसून थांबलं. आवाज फारसा मोठा झाला नाही. घरात कपाट सरकवताना होतो तेवढाच. मग धूळ.

मी धावलो. धावताना माझी एक चप्पल निघाली आणि दुसरी मी कधी टाकली ते आठवत नाही. आग लागेल, आग लागेल, एवढंच डोक्यात होतं. आणि त्याखाली आणखी एक विचार होता, की ती नसली तर घरी जाऊन मी दार कसं उघडायचं, किल्ली तिच्याकडे आहे. भीतीनं माणूस किती क्षुद्र होतो ते मला त्या धावपट्टीवर कळलं.

आग लागली नाही. तिनं इंजिन आणि सगळी बटणं बंद केली होती, तेवढं भान तिला होतं. प्रशिक्षक माझ्या आधी पोचले होते आणि काचेचं झाकण सरकवत होते. ती पट्ट्यात अडकून पुढे लोंबत होती. भुवईतून रक्त येत होतं, डावा हात उजव्या हातानं धरला होता. डोळे उघडे होते. मला बघून ती म्हणाली, "वन्सं कशा आहेत?"

मला वाटलं, डोक्याला मार लागलाय. मी म्हटलं, "ताईचं राहू दे! तू कशी आहेस? तुझं नाव सांग."

"त्यांना आधी काहीतरी खायला द्या हो," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

ताई माझ्या मागेच उभी होती. ती कशी उठली, इतक्या लांब कशी आली, कोणालाच माहीत नाही. पदर सुटलेला, हात रिकामे. हिचं बोलणं तिनं ऐकलं. भाचीनं पेढा पुढे केला आणि ताईनं तो घेतला, तोंडात टाकला आणि गिळला. आमच्या सगळ्यांच्या समोर, त्या मोडक्या विमानाजवळ उभं राहून, तिनं लागोपाठ तीन पेढे खाल्ले. ओवाळण्याचं नाव कोणी काढलं नाही.

हॉस्पिटलात कळलं की गळ्याजवळचं हाड मोडलंय, भुवईला टाके पडतील, बाकी काही नाही. मला "बाकी काही नाही" हे शब्द डॉक्टरांकडून दोनदा म्हणवून घ्यावे लागले. दुपारी प्रशिक्षक आले. ते ओरडायला आले असावेत, पण पट्ट्यांत गुंडाळलेल्या हिला बघून खाली बसले. "मॅडम, एकच विचारतो. तुम्ही थांबते म्हणालात. का नाही थांबलात?"

ती छताकडे बघत होती. "वरून दिसलं सर. आमच्या नणंदबाईंची लाल साडी गाडीजवळ उभी होती, ती खाली बसलेली दिसली. भोवती माणसं दिसली. मी उतरल्याशिवाय त्या खाणार नाहीत, हे मला माहीत होतं." मग म्हणाली, "इंजिनाकडे लक्ष होतं, वेगाकडे होतं, सगळीकडे होतं. फक्त वर राहवेना."

प्रशिक्षकांनी कितीतरी मुलांना आडवा वारा शिकवला असेल. उपाशी नणंद त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हती.

पुढे रीतसर चौकशी झाली आणि कारण निघालं, झोताचा वारा. ते खरंच होतं.

मी बाहेर आलो तेव्हा ताई बाकावर बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "माझ्यासाठी उतरली ना रे ती?" मग तिचा संताप झाला. "मी सांगितलं होतं का तिला, घाई कर म्हणून? सावकाश ये म्हटलं होतं मी! कोणीतरी मला सांगायचं होतं, की ती वरून बघतेय. डबाभर खाल्लं असतं मी, तिथं उभ्या उभ्या!" तिचा आवाज चिरका झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या ताईला रडताना आणि स्वतःवरच चिडलेलं बघितलं. मी तिच्या शेजारी बसलो. काय म्हणणार? मीही तिथं शब्दकोडं घेऊन दोन वर्षं बसलोच होतो.

हिचं हाड पावसाळ्यात जुळलं. मी रोज मनात एकच प्रार्थना करत होतो, की ती आता नको म्हणेल. मी तोंडानं काही बोललो नाही, पण माझं न बोलणं सगळ्या घराला ऐकू येतं. तीही विमानाचा विषय काढत नव्हती. गवार मोडायची, गच्चीवर जायची, वर बघायची नाही. मी हलका होत चाललो होतो. तिचं तोंड मात्र उतरलेलं असायचं, आणि ते मला दिसत असूनही मी हलकाच होत होतो.

थंडीत ती शनिवारी सकाळी मार्केट यार्डात भाजीला जायला लागली. विश्रांतवाडीत भाजी मिळत नाही असं नाही. पण घाऊक बाजारात ताजी मिळते, ती म्हणाली, आणि मला ते पटलं. मला पटवून घ्यायचंच होतं. एका शनिवारी ती दुपारी परतली, पिशवीत मेथी होती, आणि केस दोन्ही कानांवर दाबून बसलेले होते. हेडफोन काढल्यावर बसतात तसे.

मी मेथीची जुडी सोडत बसलो. "किती दिवस?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर," ती म्हणाली. लपवलं नाही.

"मला का नाही सांगितलंस? मी आलो असतो. तिथं बसलो असतो नुसता."

ती माझ्या समोर बसली आणि माझ्या हातातली जुडी काढून घेतली. "अहो, त्यासाठीच नाही सांगितलं. तुम्ही रागावू नका. खाली आपलं कोणी ताटकळत नसलं, की मला वर थांबता येतं."

डोक्यावरून एक मोठं विमान गेलं. सवयीनं आम्ही दोघं गप्प राहिलो. ते गेल्यावर ती मेथी निवडायला लागली. मला फार लागलं ते. आयुष्यभर मी तिची काळजी केली ती तिला आधार म्हणून, असं मी धरून चाललो होतो. तिला ती काळजी खालून खेचत होती, हे तिनं किती हळू सांगितलं होतं.

आता ताई दर शनिवारी सकाळी फोन करते. कसा आहेस वगैरे काही नाही. "पोहे खाल्ले मी. सांग तिला," म्हणते आणि फोन ठेवते. मी सांगतो. ही हसते आणि पिशवी घेऊन निघते. कुठे चाललीस, हे मी विचारत नाही.

गेल्या शनिवारी ती गेली आणि दहाच्या सुमाराला वारा सुटला. गच्चीवरची चादर दोरीवर फुगली, पडली, पुन्हा फुगली. मी दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या. एक वाजला. सुटीच्या दिवशी दोघांनी एकदमच पानावर बसायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. ती यायला उशीर झाला तर मी झाकलेल्या भांड्यांसमोर बसून राहायचो. त्या दिवशी मी उठलो, पोळी वाढून घेतली, मेथीची भाजी घेतली, आमटी घेतली. खिडकीतून वाऱ्याचा आवाज येत होता. मी पाण्याच्या घोटाबरोबर एकेक घास उतरवला, सगळं संपवलं, आणि ताट घासून ठेवलं. ती आली की दारातूनच विचारते, जेवलात का? तेव्हा मला खरं सांगता यायला हवं होतं.